विमानाचें तावदान

घराच्या खिडकीस तावदान बसवावयाचें असलें, म्हणजे सुतार चौकटींत काच ठेवितो, चार चुका मारितो आणि कडेनें लांबी भरतो. पुढें त्या काचेस तडा गेला, तर पावसाचे चार थेंब आंत येतात. याहून मोठें संकट ओढवत नाहीं. विमानाच्या तावदानाची गोष्ट निराळी. ताशीं तीनशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानाचें तावदान निखळलें, तर वैमानिकाचे प्राणच टांगणीस लागतात. म्हणूनच पारदर्शक तावदान चौकटीस कसें धरून ठेवावें, हा वरवर क्षुल्लक दिसणारा प्रश्न विमानविद्येच्या इतिहासांत महत्त्वाचा ठरला.

आरंभींचे वैमानिक उघड्यावर बसत. वेग वाढला तसा आडोसा अवश्य झाला. पण काच जड आणि ठिसूळ, तर सेल्युलॉइड उन्हानें पिवळें पडणारें व चटकन् पेट घेणारें. १९३३ च्या सुमारास जर्मनींत ऑटो र‍्योम याच्या कारखान्यानें ‘प्लेक्सिग्लास’ काढलें, आणि त्याच सुमारास इंग्लंडांत ‘पर्स्पेक्स’ निघालें. दोन्हीं एकाच ॲक्रिलिक द्रव्याचीं नांवें. हें द्रव्य वजनांत काचेच्या निम्म्याहून कमी, आणि ऊब दिली कीं हवा तसा बाक घेणारें. दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानांचीं बुडबुड्यासारखीं झाकणें याचींच. युद्धांत जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले याचे कण डोळा बिनतक्रार सहन करितो, हें हॅरोल्ड रिड्ले या इंग्रज नेत्रवैद्यानें पाहिलें, आणि १९४९ सालीं लंडन येथें त्यानें मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यांत याचेंच भिंग बसविलें!

परंतु या गुणी द्रव्याच्या अंगीं दोन खोडी आहेत. पहिली, तें उष्णतेनें धातूहून फार अधिक प्रसरण पावतें. तपमान ४० अंशांनीं बदललें, तर एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारें एक मिलिमीटर वाढतो वा आखडतो. ॲक्रिलिक मात्र जवळजवळ तीन मिलिमीटर! उन्हांत तापलेलें विमान उंचावरील थंड हवेंत शिरलें, कीं तावदान आणि चौकट यांची ओढाताण सुरू होते. दुसरी खोडी अशी, कीं पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेशीं ताण एकवटतो आणि तेथूनच चीर निघते. यास्तव स्क्रूनें तावदान बसवावयाचें तर भोक स्क्रूहून मोठें ठेवावें लागतें, आणि स्क्रू फार आवळूनहि चालत नाहीं.

भोकाच्या कडेचा हा धोका धातूसहि चुकत नाहीं, हें जगास फार मोठी किंमत देऊन कळलें. १० जानेवारी १९५४ रोजीं ‘कॉमेट’ हें जेट विमान एल्बा बेटाजवळ समुद्रांत कोसळून पस्तीस माणसें दगावलीं. समुद्रांतून काढलेले अवशेष तपासतां आढळलें, कीं पत्रा प्रथम फाटला तो छपरावरील एका खिडकीच्या कोपऱ्याशीं, भोकालगत. वारंवार हवेचा दाब चढून उतरून धातू तेथें थकला होता.

मग भोकच पाडूं नये, तर? या प्रश्नाचें उत्तर चिकटविण्याच्या विद्येंत होतें. नॉर्मन डी ब्रूइन यानें डक्सफर्ड येथें युद्धकाळांतच ‘रिडक्स’ नांवाचें धातू सांधणारें चिकटद्रव्य सिद्ध केलें होतें. सांधा चिकटविलेला असला, म्हणजे ताण चार बिंदूंवर न पडतां सबंध पट्टीवर वांटला जातो.

ही विद्या हौशी कारागिरांच्या हातीं आली, ती घरीं विमानें बांधणाऱ्यांच्या चळवळीमुळें. १९५३ सालीं अमेरिकेंत पॉल पोबेरेझ्नी यानें अशा लोकांची संघटना स्थापिली. १९७५ सालीं बर्ट रुटान याचें ‘व्हॅरीईझ’ उडालें. फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचें कापड एपॉक्सीनें चिकटवून तें घडविलेलें होतें. २००३ सालीं प्रथम उडालेल्या ‘आर. व्ही. १०’ या घरीं बांधावयाच्या विमानाचीं बाजूचीं तावदानें तर काचतंतूंच्या छपरास चिकटवूनच बसवितात. मुंबईकर अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधून तें २०१६ च्या प्रदर्शनांत मांडलें, तेव्हां महाराष्ट्रासहि या छंदाची ओळख पटली.

चिकटविण्याचें काम मात्र घाईचें नव्हे. थंडींत ॲक्रिलिक कापतांना तडकतें, म्हणून ऊब पाहून कापावें लागतें. चिकटावयाची कड काचकागदानें खरखरीत करितात. आरपार दिसावयाचा भाग झांकून ठेवितात. साफसफाईस ॲसिटोन वा पेट्रोल चुकूनहि लावीत नाहींत, कारण त्यांनीं तावदानावर बारीक चिरांचें जाळें उमटतें. धातूच्या चौकटीवर रबरासारखें लवचीक पॉलियुरेथेन वापरतात, आणि त्याचा थर कांहीं मिलिमीटर जाड राहील अशा बेतानें मध्यें छोटे तुकडे ठेवितात. थर पातळ झाला, तर ताण सोसण्यास जागाच उरत नाहीं.

रिव्हेट सैल झाली तर दिसते. सांध्याच्या आंत राहिलेला तेलकट बोटाचा डाग कोणासहि दिसत नाहीं. म्हणून शहाणा कारागीर त्याच द्रव्यानें त्याच दिवशीं एक नमुन्याचा तुकडा चिकटवितो आणि वाळल्यावर तो ओढून तोडून पाहतो. नमुना निर्मळपणें सुटून आला, तर आठवड्याचें काम खरवडून पुन्हां आरंभ करण्यास तो कचरत नाहीं. परीक्षक समोर नसतांहि येथें लबाडी चालत नाहीं. कारण त्या तावदानाखालीं पुढें तो स्वतःच बसणार असतो.