घाण्याबाहेरची वाट

घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि सायंकाळी जेथे होता तेथेच असतो. आपल्या भाषेने ह्या बैलाला म्हणीत बसवून टाकले आहे. राबणारा पण पुढे न सरकणारा माणूस दिसला की आपण त्याचे नाव घेतो. पण बैलाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. त्याच्या डोळ्यांवर झापड असते, वाट पायांखालची असते, डोक्यावर छप्पर असते आणि ठरल्या वेळी पेंड मिळते. भय म्हणून काही नसते. माणसांपैकी बहुतेकांना तरी ह्याहून अधिक काय हवे असते?

मी हे लिहितो आहे आगरदांड्याहून. राजपुरीच्या खाडीच्या उत्तर काठावरचे, मुरूड तालुक्यातले हे गाव. जुन्या कागदांत ‘दंडाराजपुरी’ म्हणून ज्या मुलखाचे नाव येते, तोच हा मुलूख. समोरच्या तीरावर दिघी, तिच्या पलीकडे दिवेआगर आणि श्रीवर्धन. खाडीच्या मुखाशी राजपुरी आणि पाण्यात उभा असलेला जंजिरा. इतिहास म्हटला की शाळेतली मुले मला जंजिऱ्याच्या तोफांविषयी विचारतात. तोफांचे आकर्षण कोणाला नसते! मला मात्र ह्या किनाऱ्यावरच्या तोफांपेक्षा तेलाच्या घाण्यांनी अधिक ओढले आहे. कारण त्या घाण्यांभोवती शतकानुशतके फिरलेली काही माणसे एके दिवशी डोळ्यांवरची झापड काढून चालती झाली, आणि त्यांच्या चालण्याची कथा जंजिऱ्याच्या वेढ्यांहून कमी रोमहर्षक नाही.

ही माणसे म्हणजे बेने इस्राएल. आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, बोलीत ‘शनवार तेली’. तेल गाळणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा त्यांचा धर्म. हे यहुदी लोक येथे कसे आले, ह्याविषयी त्यांच्यात एक परंपरागत कथा आहे. फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच पुरले. नेमका काळ कोणता, ह्यावर पंडितांचे एकमत नाही आणि आपल्याला त्याची येथे गरजही नाही. एवढे खरे की ज्यांची पोथी समुद्रात गेली होती असे हे लोक कोकणात राहिले आणि कोकणी झाले. मराठी बोलू लागले, स्त्रिया लुगडी नेसू लागल्या. उरले काय? शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि ‘शेमा’ ह्या प्रार्थनेचे थोडे शब्द. अर्थ हरवला होता. शब्द मात्र आईच्या तोंडून मुलाच्या तोंडी उतरत होते.

ज्या गावी घाणा, त्या गावचे आडनाव. दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराड, चौलचे चेऊलकर, गालसुऱ्याचे गालसुरकर, पेणचे पेणकर. आमच्या किनाऱ्याचा नकाशा हरवला, तर ह्या लोकांच्या आडनावांवरून तो पुन्हा काढता येईल. इतके ते येथे मुरले होते. कोणी त्यांचा छळ केल्याचे आमच्या भागात ऐकिवात नाही. म्हणजे निघून जाण्यासाठी पाठीवर काठी नव्हती. हाच मुद्दा मी वाचकांनी ध्यानात घ्यावा म्हणतो. दुष्काळाने, लढाईने, सावकाराने हुसकलेली माणसे पुष्कळ. बरे चाललेले असताना उठणारी थोडी.

अठराव्या शतकाच्या मध्यास त्यांतली काही कुटुंबे मुंबईस जाऊ लागली. दिवेकरांचे घराणे त्यांत पहिल्यांपैकी. मुंबई तेव्हा कंपनी सरकारची, वाढत्या वस्तीची. तेथे सुतार, गवंडी, कारकून, शिपाई हवे होते. कंपनीच्या फौजेने ‘तुझा बाप काय करीत होता’ हे फारसे विचारले नाही. ज्याचा आजा तेल विकत दारोदार हिंडला, तो नातू सुभेदार होऊ शकला. एकोणिसाव्या शतकात ह्या लहानशा समाजातून मुंबईच्या पलटणींत देशी अधिकारी निघाले ते संख्येच्या मानाने थोडे नव्हेत.

त्यांतला एक सामाजी हसाजी दिवेकर. यहुदी नावाने सॅम्युएल इझिकेल. दुसऱ्या म्हैसूर युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ ह्या काळात, तो टिपूच्या कैदेत सापडला. कैद्यांना ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारले असता त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. हे नाव कुराणात येते हे ओळखून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी शब्द टाकला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण तीत एक मर्म आहे. दिवेआगरास राहिला असता तर सामाजीला ‘तू कोण’ असे कोणीच विचारले नसते. तेथे उत्तर ठरलेले होते: शनवार तेली. घराबाहेर पडलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्याने भेटतो, आणि तो प्रश्न भेटल्यावाचून माणूस स्वतःकडे पाहत नाही.

सामाजी सुटून आला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईत मांडवी भागात आपल्या लोकांसाठी पहिले प्रार्थनामंदिर उभारले. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. जवळच्या रस्त्याला पुढे सॅम्युएल स्ट्रीट म्हणू लागले, आणि लोक ह्या मंदिरालाही मशीदच म्हणत, त्यावरून मशीद स्टेशनाचे नाव पडले असे सांगतात. दुसऱ्याच वर्षी, १७९७ मध्ये, तो कोचीन येथे वारला. शतकानुशतके कोकणात घरोघरी प्रार्थना केलेल्या समाजाला पहिले मंदिर मिळाले ते गाव सोडल्यावर. मग त्या मंदिराची वाट उलटी कोकणाकडे आली: रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, आमच्या मुरूडजवळचे नांदगाव, ठिकठिकाणी मंदिरे उभी राहिली. रेवदंड्याचे १८४२ चे.

परंतु गाव सोडणे हे खरे धाडस नव्हे, असे मला वाटते. मचव्यात बसले की गाव सुटतो; त्याला एक भरती पुरते. खरे धाडस पुढचे होते. मुंबईस आल्यावर ह्या लोकांना कळले की आपल्याला आपला धर्मच नीट येत नाही. हिब्रू लिपी वाचता येत नाही. कोचीनहून आलेले धर्मबंधू, बगदादकडून आलेले धनाढ्य व्यापारी ह्यांच्यापुढे हे अडाणी ठरत. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो. एक तर ‘आमचे आम्हांला पुरे आहे’ म्हणून घरचा घाणा पुन्हा मांडतो; नाही तर पाटी हातात घेऊन पोराटोरांशेजारी बसतो. मी मास्तर आहे. मुलाला अक्षर शिकवणे किती सोपे आणि मिशा पांढऱ्या झालेल्याला शिकवणे किती कठीण, हे मला ठाऊक आहे. प्रौढाला अक्षर जड नसते. ‘मला येत नाही’ हे चारचौघांत म्हणणे जड असते.

बेने इस्राएलांनी पाटी घेतली. आणि कोणाच्या हातून? तर पाद्र्यांच्या! अमेरिकन मिशनने कोकणात त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता: जुना करार शिकता शिकता ही मंडळी नव्या करारापर्यंत येतील. ती आली नाहीत. थोडे अपवाद सोडले तर नाहीच. त्यांनी व्याकरण घेतले आणि गुरूला नमस्कार करून आपल्या मंदिराकडे वळले. परक्याच्या ओसरीवर जाऊन आपलेच हरवलेले धन घेऊन येण्याचा असा दाखला इतिहासात फार वेळा सापडत नाही. आपला धर्म जाईल ह्या भीतीने ते त्या शाळेत गेलेच नसते, तर तो कदाचित खरोखरच गेला असता!

ह्या शिकण्याला फळे कशी आली पाहा. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांचे आडनाव माझ्या शाळेपासून जवळच्या गावाचे. हे गृहस्थ मुंबईत हेडमास्तर होते, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते, आणि त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाची ‘हगादा’ हिब्रू-मराठीत छापून निघाली. तीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास ह्या लोकांनी आपल्या कीर्तनाची परंपरा उचलली आणि अब्राहाम, योसेफ ह्यांची आख्याने मराठीत लावली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये सहकाऱ्यांसह मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. धीर धरणाऱ्या ग्रंथकारांना हा दिलासा समजावा की इशारा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुलीही मागे राहिल्या नाहीत. रेबेका रूबेन १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या, आणि पुढे किहीमकरांनी काढलेल्या त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. जेरुशा झिराड सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेस गेल्या, १९१९ मध्ये लंडनच्या एम. डी. झाल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झिराडच्या घाण्यापासून लंडनच्या विद्यापीठापर्यंतचे अंतर मैलांत मोजू नये.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल, ‘मास्तर, म्हणजे जो उठला तो वर चढला, मग बसायचे कशाला?’ पण इतिहास इतका सरळ गणिताचा नसतो. तिसरे स्थलांतर अजून सांगायचे आहे.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि ज्या देशाचे नाव शतकानुशतके आपल्या जातीच्या नावात वागवले, तेथे ही मंडळी निघाली. ह्या वेळी ते परक्या गावी जात नव्हते, आपल्या घरी जात होते. निदान त्यांची तशी समजूत होती. तेथे बिरशेबाच्या वाळवंटी गावात राहणे, मिळेल ते काम, आणि वर्णावरून वेगळी वागणूक, असा अनुभव काहींना आला. १९५१–५२ मध्ये त्यांतल्या काहींनी धरणे धरले आणि काही कुटुंबे १९५२ मध्ये भारतात परतली. पुढे तेथील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे ठरवले. ज्यांनी पोथीवाचूनही शनिवार पाळला, त्यांना ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून’ असे विचारण्यात आले! कोकणात त्यांना असे कोणी विचारले नव्हते. पण हे लोक आता घाण्याभोवतीचे उरले नव्हते. मोर्चे निघाले, जेरुसलेमात दीर्घकाळ धरणे झाले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला. धरणे धरून बसण्याची विद्या त्यांनी कोठून नेली, हे भारतातल्या वाचकाला सांगायला नको.

आणि मागे काय राहिले? २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी पाच हजारांहूनही कमी भरले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोकणातल्या कित्येक मंदिरांत दहा जमणे कठीण झाले. अलिबागेत इस्राएल आळी हे नाव आहे. आळीला नाव देणारी घरे बहुतेक गेली. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा तो घेण्यासाठी येथे फार थोडे उरले होते. जाणाऱ्याची वाढ होते हे खरे. पण ज्या ओसरीवरून तो उठतो ती ओसरी रिकामी होते, हेही तेवढेच खरे. निघणाऱ्यांच्या यशोगाथा लिहिणारे हे दुसरे वाक्य बहुधा गाळतात.

आमच्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. ‘गुरुजी, पोराला मुंबईस धाडू की होडीवरच राहू दे?’ असे विचारणारे कोळीदादा मला दर मे महिन्यात भेटतात. पोरगा खाडीचे पाणी हाताच्या रेषांसारखे ओळखतो. बापाची भीती अशी की तो जाईल तर परका होईल, राहील तर खुंटेल. मी त्यांना शनवार तेल्यांची गोष्ट सांगतो, आणि तिचा अर्थ मला असा लागतो: मुंबई गाठल्याने कोणी मोठा होत नाही, आणि खाडीवर राहिल्याने कोणी लहान राहत नाही. पोरगा जेथे असेल तेथे ‘मला येत नाही, शिकवा’ असे म्हणायला तयार आहे का, एवढे पाहावे. शिवाय त्याच्या गाठोड्यात एखादा ‘शनिवार’ आहे का, हेही पाहावे; कोणत्याही मालकासाठी, कोणत्याही लाभासाठी जो तो सोडणार नाही असा. पाटी नसलेला माणूस बाहेर जाऊनही नवा घाणाच शोधतो. शनिवार नसलेला माणूस बाहेर जातो आणि हरवतो.

बेने इस्राएलांकडे दोन्ही होते. म्हणून इस्राएलमध्ये आजही दिवेकर आहेत, पेणकर आहेत. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. गावे त्यांनी सोडली, पण गावांची नावे खांद्यावरून उतरवली नाहीत. आमच्या राजपुरीचे नाव आमच्यापैकी कोणीही नेले नसते इतके दूर ह्या तेल्यांनी नेऊन ठेवले आहे.