आळीपाळीने बोलणारी शाळा

एकाने बोलावे, दुसऱ्याने थांबावे, मग त्याने उत्तर द्यावे, ही रीत मूल घरी शिकते. शाळेत मात्र पूर्वी तिला फारसा वाव नव्हता. पंतोजींच्या शाळेतला परवचा सगळ्यांनी एका सुरात म्हणावयाचा; तेथे कोणी कोणाचे ऐकण्याचा प्रश्नच नसे.

या रीतीला वर्गात जागा देण्याचा एक प्रयत्न मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, झाला. स्कॉटलंडचा पाद्री डॉ. अँड्र्यू बेल १७८७ साली तेथे उतरला आणि १७८९ साली एग्मोरच्या अनाथालयाचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांची, बहुतेक एतद्देशीय मातांच्या पोटची, ही मुले. एकदा गावठी शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे गिरविणारी पोरे त्याला दिसली. धुळाक्षरांवर वाढलेल्या मराठी माणसाला त्यात नवल ते काय! बेलला मात्र ते फार भावले. त्याच्या शिक्षकांना ही पद्धत रुचेना. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन या सुमारे आठ वर्षांच्या सैनिकपुत्राकडेच अक्षरवर्ग सोपविला. पोराने तो चालवून दाखविला.

पुढे वर्गच मुलांच्या हाती गेले. धडा एकाने थोडा वाचावयाचा, मग पुढच्याने. वाचणारा अडखळला, की खालच्याने चूक सुधारावी आणि त्याची जागा घ्यावी. त्यामुळे आपली पाळी नसतानाही कान उघडे ठेवणे भाग पडे. अपराधांची नोंद एका काळ्या वहीत होई आणि निवाडा मुलांचेच पंच करीत. दुसऱ्याची बाजू ऐकून घेण्याचा हा धडा वाचनाच्या धड्याहून मोलाचा म्हणावा लागेल.

तरीही हा संवाद नव्हे. प्रश्न पुस्तकाचा, उत्तर ठरलेले. आणि सोबत्याच्या चुकीची वाट पाहणे म्हणजे त्याचे ऐकणे नव्हे. बेल १७९६ साली परतला. १७९७ साली त्याने लंडनमध्ये आपला प्रयोग छापला आणि पुढे 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली, ती मुख्यत्वे थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकतात म्हणून. सेंट अँड्र्यूजमध्ये 'मद्रास कॉलेज' नावाची शाळा त्याच्याच देणगीतून उभी राहिली.

मराठीत १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' निघाले. त्याचा मूळ लेखक फ्रेंच बर्क्विन. त्याच्या ग्रंथात मुलांचे संवाद आणि छोटी नाटके पुष्कळ आहेत. तेथे मुले एकमेकांशी बोलतात, आणि प्रश्नही तीच विचारतात.