आवाजाने पाहिलेली भिंत

बोअरमध्ये पाणी कुठवर आले आहे हे बघायची गावाकडे एक सोपी युक्ती आहे. भर दुपारी आरसा घ्यायचा, उन्हाचा कवडसा केसिंगच्या तोंडातून आत सोडायचा आणि वाकून बघायचे. बोअर सरळ असेल आणि पाणी फार खोल नसेल तर खाली चकाकणारी टिकली दिसते. पण पाण्याच्या खाली भिंत कशी आहे, तडा कुठे आहे, तो कुठल्या दिशेला कललेला आहे, हे मात्र आरसा सांगत नाही.

तेलासाठी किंवा संशोधनासाठी खणलेल्या खोल छिद्रात तर आरशाचा काहीच उपयोग नाही. दोन-तीन किलोमीटर खोलीचे, वीतभर रुंदीचे हे छिद्र, आणि तेही दाट चिखलाने भरलेले. हा चिखल मुद्दाम सोडलेला असतो. तो पाते थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने भिंतीला आधार देतो. त्यातून प्रकाश बोटभरही जात नाही. खडकाचा गाभा कापून वर काढता येतो, पण त्यात वेळ आणि पैसा भरपूर जातो. शिवाय गाभा नळीत फिरतो, त्यामुळे वर आल्यावर त्याची उत्तर बाजू कोणती होती ते कळत नाही. आणि पुढे आपण पाहणार आहोत की सगळा प्रश्न या उत्तर दिशेचाच आहे.

छिद्रात उपकरण सोडून खडकाची विचारपूस करण्याची सुरुवात विजेने झाली. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन येथील तेलविहिरीत श्लुंबर्जे बंधूंच्या सहकाऱ्यांनी विद्युतरोध मोजला. एकेका खोलीला उपकरण थांबवायचे, मोजायचे, कागदावर बिंदू मांडायचा, असे ते काम होते. आवाज विहिरीत उतरला तो त्यानंतर काही वर्षांनी, आणि अगदी साध्या कामासाठी.

पंप लावलेल्या तेलविहिरीत द्रवाची पातळी किती खाली आहे हे कळणे गरजेचे असते. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत यासाठी प्रतिध्वनी वापरला जाऊ लागला. सी. पी. वॉकर यांचे या विषयावरचे काम १९३७ सालचे आहे. विहिरीच्या तोंडाशी नुसत्या दारूचे काडतूस उडवायचे, आवाज नळीबाहेरच्या वायूतून खाली जातो, द्रवाच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि मायक्रोफोन तो टिपतो. यात अडचण ध्वनीच्या वेगाची. विहिरीतला वायू म्हणजे हवा नव्हे. त्याचे घटक, तापमान, दाब सगळेच खोलीनुसार बदलते. मग वेग कुठला धरायचा?

यावरची तोड आम्हाला फार आवडते. आतली नळी एकसंध नसते. सुमारे ९ मीटर लांबीचे तुकडे एकमेकांत पिळून ती बनवलेली असते आणि प्रत्येक सांध्यावर जाड कडे असते. खाली जाणारा आवाज प्रत्येक कड्यावर थोडासा परततो. नोंदीच्या कागदावर बारीक बारीक दाते उमटतात आणि शेवटी द्रवाचा मोठा दाता. मोठ्या दात्याआधी ८४ बारीक दाते मोजले तर पातळी ८४ × ९, म्हणजे सुमारे ७५६ मीटरवर. वेगाची गरजच उरली नाही! मोजपट्टी विहिरीतच लावलेली होती, फक्त ती वाचायची होती. ध्वनीचा वेग शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. अज्ञात राशी काढून टाकण्याची ही रीत विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येते.

१९५२ साली 'जिओफिजिक्स' या नियतकालिकात समर्स व ब्रोडिंग यांनी आणि त्याच वर्षी वोगेल यांनी खडकातला ध्वनीचा वेग विहिरीत सलग मोजण्याच्या पद्धती मांडल्या. उपकरणात एक ध्वनिप्रेषक असतो आणि त्यापासून काही अंतरावर ग्राहक. आवाज भिंतीच्या खडकातून धावतो आणि त्याला लागलेला वेळ नोंदला जातो. १९५६ मध्ये वायली, ग्रेगरी आणि गार्डनर यांनी त्या वेळेवरून सच्छिद्रता काढण्याचे साधे सूत्र दिले. समजा घट्ट खडकात मीटरला १८२ मायक्रोसेकंद लागतात आणि छिद्रांतल्या पाण्यात ६२५. प्रत्यक्षात २७० लागले, तर (२७० – १८२) ला (६२५ – १८२) ने भागायचे. उत्तर सुमारे ०.२, म्हणजे खडकाचा पाचवा हिस्सा पोकळ आणि पाण्याने भरलेला. सूत्र ढोबळ आहे, सगळ्या खडकांना लागू पडत नाही, तरी त्याने दीर्घकाळ काम भागवले.

पण हे सारे आकडे होते. भिंतीचे चित्र त्यांतून दिसत नव्हते. ते १९६९ साली झेमानेक आणि त्यांच्या मोबिल कंपनीतील सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. 'बोअरहोल टेलिव्ह्यूअर' हे उपकरणाचे नाव. कल्पना दीपगृहाची. छिद्राच्या मध्यभागी दाबविद्युत स्फटिक सेकंदाला तीन फेऱ्या या गतीने फिरतो आणि फिरता फिरता भिंतीवर श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद सोडतो. (दाबल्यावर स्फटिकात वीज निर्माण होते हे क्यूरी बंधूंनी १८८० सालीच दाखवले होते. वीज दिल्यावर तोच स्फटिक थरथरतो.) वारंवारता दहा लाखांच्या घरात असल्यामुळे पाण्यातली तरंगलांबी दीड मिलिमीटरच्या आसपास येते. त्यामुळे बारीकसारीक खाचाही ओळखता येतात. भिंत गुळगुळीत व घट्ट असेल तर प्रतिध्वनी जोरदार येतो. तडा असेल तर ध्वनी विखुरतो आणि त्या जागी काळी रेघ उमटते. फेरी चालू असताना उत्तर दिशा कुठे आली हे आतला चुंबकीय संवेदक सांगतो. उपकरण मिनिटाला दीड मीटर या चालीने वर ओढत आणायचे आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेघांचे छायाचित्र घ्यायचे. हिशेब करून पाहा: या चालीने तीन किलोमीटरला २,००० मिनिटे, म्हणजे तेहतीस तासांहून जास्त वेळ लागेल.

हे चित्र म्हणजे गोल भिंत उत्तरेकडे उभी चिरून सपाट पसरलेली. कललेला तडा त्यात सरळ दिसत नाही, लाटेसारखा दिसतो. का, ते वर्गात करून बघता येईल. मेणबत्तीभोवती कागद तीन-चार वेळा गुंडाळा, धारदार सुरीने मेणबत्ती तिरपी कापा आणि कागद उलगडा. कडेला सुंदर साइन वक्र मिळेल. लाटेचा तळ ज्या दिशेला असतो तिकडे तडा उतरता असतो. आणि लाटेची उंची भागिले छिद्राचा व्यास म्हणजे उताराच्या कोनाचे टॅन्जंट. २० सेंटिमीटरच्या छिद्रात लाट २० सेंटिमीटर उंच असेल तर तडा ४५ अंशांनी कललेला. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले गिऱ्हाईक सापडणे कठीण.

आता उत्तर दिशेकडे येऊ. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तेलविहिरींच्या नोंदी पाहताना कॉक्स यांना १९७० मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली होती. विहिरी गोल राहिलेल्या नव्हत्या. काही खोलींवर त्या वायव्य-आग्नेय दिशेने लांबट झाल्या होत्या, आणि मैलोन् मैल अंतरावरच्या विहिरींतही दिशा तीच होती. खणणाऱ्याच्या दृष्टीने हे छिद्र बिघडणेच. दगड ढासळतात, हत्यार अडकते, सिमेंट जास्त लागते. बॅबकॉक यांनी १९७८ मध्ये कारण सुचवले, की खडकात आधीपासून असलेल्या उभ्या तड्यांना पाते भेटते आणि तिथे भिंत फुटते. पुढच्याच वर्षी बेल आणि गॉफ यांनी वेगळे उत्तर दिले. त्यांचे म्हणणे, हे तड्यांमुळे नाही, पृथ्वीच्या कवचातील प्रतिबलामुळे आहे.

त्यामागचे गणित जुने आहे. १८९८ साली जर्मन अभियंता किर्श यांनी दाबलेल्या पत्र्यातील गोल छिद्राभोवती प्रतिबल कसे वाटले जाते ते काढले होते. एकाच दिशेने दाब असेल, तर त्या दिशेला काटकोनात असलेल्या छिद्राच्या दोन्ही कडांवर प्रतिबल मूळच्या तिप्पट होते. नदीच्या प्रवाहात खांब रोवला तर पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटीने वाहते, तसे काहीसे. कवचात दाब उत्तर-दक्षिण असेल तर छिद्र पूर्वेला आणि पश्चिमेला ढासळेल. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतील छिद्रांत असे समोरासमोर ढासळणे लीमन यांनी १९६४ मध्येच नोंदवले होते.

बॅबकॉक खरे की बेल-गॉफ? तोवरचा पुरावा होता चार बाहूंच्या मापकाचा. भिंतीला टेकणारे हे बाहू छिद्र कुठल्या दिशेला लांबट आहे एवढेच सांगतात. लांबटपणाचा आकार त्यांना कळत नाही. आवाजाला मात्र तो कळतो. उपकरण आणि भिंत यांत ६ सेंटिमीटर चिखल असेल तर जाऊन येऊन १२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८० मायक्रोसेकंद. तिथे दीड सेंटिमीटर भिंत ढासळली असेल तर आणखी २० मायक्रोसेकंद. प्रत्येक स्पंदाचा वेळ नोंदला की छिद्राचा आडवा छेद काढता येतो. झोबॅक, मूस, मॅस्टिन आणि अँडरसन यांनी १९८५ साली असे छेद प्रसिद्ध केले. ढासळलेला भाग अरुंद चिरेसारखा नव्हता. रुंद आणि सपाट तळाचा होता, प्रतिबलाच्या गणिताशी जुळणारा. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न येथील सुमारे १.६ किलोमीटर खोल विहिरीचा अभ्यास आला. तिथे पाण्याच्या दाबाने खडक फोडून दाबाची दिशा स्वतंत्रपणे ठरवलेली होती, आणि ढासळण्याची दिशा तिला जवळजवळ काटकोनात निघाली. ज्या बिघाडाला खणणारे वैतागत होते, तो जमिनीखालचे होकायंत्र ठरला. भारतातही गौड, श्रीराम राव आणि गौर यांनी १९९२ मध्ये उपखंडातील प्रतिबलाचा जो आढावा घेतला, त्यात तेलविहिरींतील अशा ढासळण्याचा आधार होता.

आपल्याला याचे महत्त्व कोयनेमुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ प्रतीचा भूकंप झाला, सुमारे २०० माणसे दगावली. जलाशय भरल्यानंतर सुरू झालेले धक्के त्यानंतरही दशकानुदशके येत राहिले, आणि तेही सुमारे २० गुणिले ३० किलोमीटरच्या टापूतच. पाणी भूकंपाला निमित्त होते हे मान्य झाले. पण निमित्त आणि जोर या दोन गोष्टी. खडकात साठलेला जोर कुठल्या दिशेचा, हे वरून कळत नाही, कारण वर बेसाल्टचा जाड थर पसरलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचे छिद्र घेतले तेव्हा तो थर ३३८ मीटर भरला. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तो १,२४७ मीटर निघाला. त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक.

गोठण्याचे हे छिद्र २०१७ च्या जूनमध्ये ३,०१४ मीटरवर थांबले. त्याचे काम कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने पाहिले. त्यात फिरता ध्वनिस्फटिक सोडून भिंतीची चित्रे घेतली गेली. चित्रांत दोन खुणा मिळाल्या. एक, समोरासमोर ढासळलेली भिंत. दुसरी, तिच्यापासून ९० अंशांवर खणतानाच पडलेल्या बारीक उभ्या चिरा. किर्श यांच्या गणितानुसार ज्या बाजूंना दाब सर्वांत कमी होतो, तिथे खडक ताणला जाऊन चिरतो. दोन खुणा एकमेकींच्या साक्षीदार. दोन्हींचे म्हणणे एकच: सर्वाधिक आडवा दाब साधारण उत्तर-दक्षिण आहे. भारतीय भूपट्टही ढोबळमानाने उत्तरेकडेच रेटला जातो आहे. असा दाब उत्तर-ईशान्य दिशेच्या उभ्या भ्रंशावर पडला तर समोरची बाजू डावीकडे सरकायला हवी. १९६७ च्या भूकंपलहरींच्या विश्लेषणातून तशीच हालचाल निघाली होती.

एक मात्र विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. ध्वनिचित्रातून दाबाची दिशा मिळते, त्याचे मान मिळत नाही. भिंत किती रुंद ढासळली आणि तिथला खडक किती मजबूत आहे यावरून अंदाज बांधता येतो. पण खात्रीचा आकडा हवा असेल, तर छिद्राचा तुकडा वरून-खालून बंद करून त्यात पाणी दाबावे लागते आणि खडक कितीला फुटतो ते पाहावे लागते. ती फूट नेमकी कुठल्या दिशेला गेली हे बघायला मग पुन्हा तोच फिरता स्फटिक खाली सोडता येतो.