रंधा धबधबा : पाणी कधी असतं, कुठून बघायचा
अकोले तालुक्यात भंडारदऱ्यापासून साधारण 10 किलोमीटरवर प्रवरा नदी सुमारे 170 फूट खाली कोसळते, तोच रंधा. धबधबा रस्त्यालगत असल्याने म्हातारी माणसंही जाऊ शकतात. शेजारी घोरपडादेवीचं मंदिर आहे.

इथलं पाणी नुसत्या पावसावर नाही, वरच्या भंडारदरा धरणाच्या विसर्गावर चालतं. म्हणून जुलैत धो-धो पाऊस असूनही कधी धार बारीकच दिसते. धरण तेव्हा भरत असतं. ते भरत आलं, बहुतेक ऑगस्टात, की खरा रंधा. धोकाही तेव्हाच. इथे ऊन असलं तरी वर घाटघर-रतनवाडीला पाऊस झाला की विसर्ग वाढतो अन् खडक बघता बघता पाण्याखाली जातात. सेल्फीसाठी खाली उतरू नका, कठड्याआतूनच बघा. निघण्याआधी त्या दिवशीचा क्युसेकचा आकडा विचारून घ्या. मे महिन्यात पाहुणे आणले अन् आवर्तन नसलं, तर नुसता काळा कातळ.