कर्करोग : मानवाचा आणि वानराचा

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात काम करणाऱ्या पुष्कळ युरोपीय डॉक्टरांची अशी समजूत होती की, कर्करोग हा सुधारलेल्या राष्ट्रांचा रोग असून येथील साध्या राहणीच्या लोकांत तो क्वचितच आढळतो. ही समजूत ऐकावयास गोड होती, पण ती टिकली नाही. १९३५ ते १९३९ या काळात नाथ व ग्रेवाल यांनी रुग्णालयांतील नोंदी आणि शवविच्छेदनाचे अहवाल तपासून असे दाखविले की, कर्करोगाच्या वयापर्यंत जे पोचतात त्यांच्यात हा रोग येथेही दुर्मिळ नाही. तो दिसत नव्हता याचे मोठे कारण दुःखद होते. १९२१ ते १९३१ या दशकात या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे २७ वर्षांच्या आसपास होते. प्लेग, हिवताप आणि क्षय यांच्या तडाख्यातून वाचून साठीला पोचणारेच थोडे. मग साठीचा रोग दिसावा कोठून?

हा जुना प्रसंग आठवण्याचे कारण असे की, चिंपांझीविषयी हाच प्रश्न आज विचारला जातो. प्रथिने घडविणाऱ्या जनुकांपुरते पाहिले तर मानव आणि चिंपांझी यांच्यात जवळजवळ ९९ टक्के साम्य आहे. असे असता जगातील पाच माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी कर्करोग गाठतो आणि आपला हा भाऊबंद मात्र त्यातून बहुतांशी सुटतो, हे कसे? याचे पहिले उत्तर नाथ व ग्रेवाल यांनी हिंदी माणसाविषयी दिले तेच आहे. रानातल्या चिंपांझीने चाळिशी गाठली तर तो पुष्कळ जगला म्हणावयाचे, आणि मेल्यावर त्याची तपासणी करावयास तेथे वैद्य नसतो.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. प्राणिसंग्रहालयांत आणि प्रयोगशाळांत पन्नाशी ओलांडलेले चिंपांझीही होऊन गेले. वेल्लोर येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात नावारूपाला आलेले डॉ. अजित वर्की आणि त्यांच्या सहकारी पत्नी डॉ. निस्सी वर्की यांनी अशा बंदिवान चिंपांझींच्या उपलब्ध नोंदींचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध केला. स्तन, फुप्फुस, मोठे आतडे यांचे जे कर्करोग माणसात सर्वत्र आढळतात, ते या नोंदींत फारच विरळ होते. तेव्हा आपल्या शरीराच्या घडणीतच काही फरक पडला असावा, अशी शंका येते. सुमारे वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या एका जनुकात बिघाड झाला आणि इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर असणारे सायलिक आम्लाचे एक रूप तयार करण्याची शक्ती मानवाने गमावली. गाई-बकऱ्यांच्या मांसातून ते शरीरात आले की रक्तातील प्रतिपिंडे त्याला परके समजतात, आणि ही मंद धुमसणारी आग पेशींना बिघडविते, असा वर्की यांचा तर्क आहे. उंदरांवरील प्रयोग त्याला अनुकूल आहेत. माणसाविषयी अखेरचा निकाल लागलेला नाही. २०२५ साली आणखी एक फरक पुढे आला. रोगप्रतिकारक पेशी ज्या प्रथिनाच्या साहाय्याने कर्कपेशींना मारतात, त्या प्रथिनातील १५३ व्या जागी चिंपांझीत प्रोलिन असते, तर माणसात सेरिन. या एका बदलाने, अर्बुदांत विपुल असणारे प्लाझ्मिन हे विकर त्या शस्त्राचे तुकडे करू शकते.

तथापि सगळा दोष मानवी देहावर टाकणे घाईचे होईल. आपल्या देवळांभोवती वावरणारी लालतोंडी माकडेही नरवानर गणातीलच. बंदिवासात ती म्हातारी झाली की त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग चांगला आढळतो. शिवाय दक्षिण आफ्रिकेत स्वार्टक्रान्स येथे मिळालेल्या, सुमारे सतरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश प्राण्याच्या पायाच्या हाडात कर्करोगाची खूण सापडली आहे. रोग प्राचीन आहे. त्याचे प्रमाण आणि त्याची शरीरातील जागा मात्र कोण कसे जगतो यावरही ठरते, आणि हे कळावयास लंडनच्या धुराड्यांत शिरावे लागले.

त्या शहरातील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी झाडणाऱ्यांच्या वृषणकोशावरील कर्करोगाचे वर्णन लिहिले. अरुंद धुराड्यात मोठा माणूस मावत नसे, म्हणून लहान मुलांना त्यांत चढविले जाई. कोवळ्या वयात काजळी अंगाच्या घड्यांत मुरे, आणि वीस-तीस वर्षांनी व्रण उठे. डॉक्टर त्याला गुप्तरोग समजून पारा देत, आणि त्या बापड्याच्या चारित्र्याविषयी जो ग्रह करून घ्यावयाचा तो घेत. पॉट यांनी बोट काजळीकडे दाखविले. कायदे झाले, पण ते कागदावर राहिले. मुलांना धुराड्यात चढविण्याची चाल खऱ्या अर्थाने बंद पडावयास १८७५ साल उजाडावे लागले. पुढे १८९२ मध्ये हेन्री बटलिन यांनी विचारले की, युरोप खंडातील धुराडे झाडणाऱ्यांना हा रोग का होत नाही? तेथे कामकरी अंगाला घट्ट बसणारे संरक्षक कपडे घालीत आणि नित्य अंग धूत, असे त्यांना आढळले. देह तोच, काजळीही तीच. फरक कपड्यांचा आणि स्नानाचा! १९१५ साली तोक्योत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून तेथे कर्करोग उत्पन्न केला, तेव्हा पॉट यांच्या निरीक्षणाला प्रयोगाचा आधार मिळाला.

आपल्या देशात असे पुरावे घरोघर होते. थंडीत फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्या काश्मिरी लोकांच्या पोटावर व मांड्यांवर भाजल्याच्या जुन्या डागांतून कर्करोग उद्भवतो, हे एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ सालीच नोंदविले होते. त्रावणकोरमध्ये ऑर यांनी १९३३ साली मुखाचा कर्करोग आणि तांबूल यांचा संबंध दाखविला. परंतु या विचाराला खरी शिस्त लावली ती मुंबईत, वसंत रामजी खानोलकर यांनी. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. एक हजार रुग्णांच्या मुखकर्करोगाचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी त्यांनी सूर्याबाई यांच्यासह लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांवर निबंध लिहिला. खैनीची चिमूट जेथे धरली जाते त्या खालच्या ओठाचा कर्करोग, आणि घट्ट कसलेल्या धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणारा कर्करोग, हे त्यात वर्णिले आहेत. धोतरासारखे निरुपद्रवी वस्त्रही यादीत यावे, याचे वाचकाला नवल वाटल्यावाचून राहत नाही. पण वर्षानुवर्षे एकाच जागी होणारे घर्षण त्वचा विसरत नाही.

१९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी विडी ओढणारे आणि तंबाखू खाणारे यांची तुलना केली. खाणाऱ्यांचा रोग मुख्यतः मुखात, तर ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशी आणि घशात आढळला. माणूस तंबाखू कोठे आणि कशी घेतो, तेथे रोग आपले ठाणे मांडतो, असे या आकड्यांवरून दिसले. चिंपांझीच्या गालात चुना-तंबाखू नसते, त्याच्या पोटाशी कांगडी नसते, आणि धुराडी झाडावयास त्याला कोणी धाडीत नाही. त्याच्या सुटकेचा किती भाग रक्तात आणि किती या अभावात, याची वाटणी आज कोणालाही नेमकी करता येणार नाही. पण रक्तातला भाग बदलणे माणसाच्या हाती नव्हते, तर दुसरा भाग १७७५ पासून त्याच्यासमोर उघड होता.

धोतराचा वापर ओसरला तसा कमरेवरचा तो कर्करोग विरळ झाला. तंबाखूचे तसे घडले नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही २०२० आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या अंदाजांत भारतीय पुरुषांच्या कर्करोगांमध्ये ओठ व मुख यांचा क्रमांक पहिलाच होता.