ट्युलिपचे बेणे आणि कामगारांचे हात

इतिहास म्हटला की आपल्यापुढे दप्तरे, ताम्रपट आणि किल्ले उभे राहतात. परंतु घरच्या जुन्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला फुलाचा कंद हाही इतिहासाचा पुरावा असतो. तो टिकतो कसा आणि टिकवतो कोण, एवढाच माझा आजचा विषय. उदाहरण घेतो ट्युलिपचे.

हे फूल तुर्कस्तानच्या वाटेने युरोपात आले. १५५९ साली आउग्सबुर्ग येथील एका बागेत ते गेस्नर या निसर्गशास्त्रज्ञाने पाहिले. १५९३ साली क्लुसियस हा वनस्पतिपंडित लायडन विद्यापीठात आला आणि तेथील बागेत त्याने आपले कंद लावले. पुढे हॉलंडातील सावकार-व्यापाऱ्यांना पट्टेदार ट्युलिपचे वेड लागले. ‘सेंपर ऑगस्टस’ या जातीच्या एका कंदाला हजारो गिल्डर सांगितले जात. फेब्रुवारी १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. आज ते फूल जुन्या चित्रांत दिसते, जमिनीत नाही. सोन्याच्या भावाने विकले गेलेले फूल नाहीसे का व्हावे?

याचे कारण कंदाच्या स्वभावात आहे. बियांपासून वाढवलेल्या ट्युलिपला फूल यायला पाच-सात वर्षे लागतात, आणि ते आईसारखे निघत नाही. जात राखायची तर कंदाला फुटलेली पिल्लेच लावावी लागतात. आपल्याकडे हळदीचे बेणे राखतात, तसेच. त्यातून ते पट्टे म्हणजे मुळात एक रोग. तो संसर्गजन्य आहे, हे इंग्लंडमध्ये डोरोथी केली या संशोधिकेने १९२८ साली दाखवून दिले. हा विषाणू मावा पसरवतो. त्याने पाकळीवर नक्षी उमटते, पण कंद दुबळा होतो आणि पिल्ले कमी धरतो. असे बेणे एकदोन वर्षे दुर्लक्षिले, तरी संपू शकते. पैसा ते विकत घेऊ शकतो. दर वर्षी वाकून उकरण्याचे काम मात्र हातांनाच करावे लागते.

ते हात कोणाचे होते? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांची आवड दुसऱ्या फुलांकडे वळली. तेव्हा हे फूल उत्तरेकडील कारागिरांनी उचलून धरले. वेकफील्डचे जोडे शिवणारे कारागीर त्यात पुढे होते. तेथील ट्युलिप संस्था १८३६ सालापासूनची मानतात. डर्बीचा टॉम स्टोरर हा इंजिन ड्रायव्हर. स्वतःची बाग नाही म्हणून रेल्वेच्या बांधावर तो ट्युलिप वाढवी. त्याने काढलेली ‘सॅम बार्लो’ ही जात आजही लावली जाते. ही मंडळी खानावळीत जमत, वर्गणी गोळा करीत, नियम करीत आणि स्पर्धा भरवीत. वेकफील्डच्या प्रदर्शनात आजही फुले बिअरच्या बाटल्यांत मांडतात. दिवसभर राबणाऱ्या माणसाला सौंदर्याची पारख नसते, असे म्हणणाऱ्यांनी त्या बाटल्या पाहाव्यात.

या लोकांनी ओळख पटवण्याची रीतही नीट बांधली. फूल पूर्ण उमलले की पेल्याच्या तळाशी पाहायचे. तळ पिवळा आणि वर तांबड्या-तपकिरी रेघा, तो ‘बिझार’. तळ पांढरा आणि रेघा जांभळ्या, तो ‘बिब्लूमेन’. तळ पांढरा आणि रेघा गुलाबी किंवा तांबड्या, तो ‘रोझ’. रेघा न फुटलेला एकरंगी, तो ‘ब्रीडर’. यावरून वर्ग कळतो. नाव ठरवायला जिवंत नमुन्याशी ताडून पाहावे लागते. एकच पान येऊन फूल न आलेला कंद लहान असतो. तो निरुपयोगी समजून फेकू नये.

घर विकले जाणार असेल, बाग मोडणार असेल, तर फुलाच्या दिवसांतच खुणेची काडी रोवावी. पाने पिवळी पडल्यावर, तिकडच्या जून-जुलैत, कंद उकरावेत. पिल्ले वेगळी करून सावलीत, हवेशीर जागी ठेवावीत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार ते सहा इंच खोल लावावीत. रेघांचे कंद निरोगी कंदांपासून दूर असावेत. आणि सारे बेणे एकाच बागेत कधीही ठेवू नये. संघटनेचे काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ज्या युनियनची सारी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते, ती त्या माणसाबरोबर संपते.

१९३६ साली इंग्लंडची राष्ट्रीय ट्युलिप संस्था बंद झाली. तिच्याजवळचे कंद वेकफील्डकरांनी सांभाळले. म्हणून त्या जाती आजही फुलतात. मोठी संस्था गेली, लहान राहिली, कारण तिच्या सभासदांनी कंद एकमेकांना वाटले होते. आपल्या घरच्या परसातही आजीने लावलेला एखादा गड्डा असेल. त्याचे नाव तिला आजच विचारून ठेवा, आणि अर्धे बेणे शेजाऱ्याला द्या.