हळदीच्या मांडवातला ड्रॉप

उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात लग्नाचं आवतण आलं की पाहुणा आधी विचारतो, हळद कधी? आगरी-कोळी घरांत लग्न मुहूर्तावर उरकतं. खरी नाचायची रात्र हळदीची. त्या रात्री सगळा मांडव एकाच क्षणाची वाट बघत असतो. गाणं चढत जातं, खालचा बेस गायब होतो, निमिषभर काहीच वाजत नाही, आणि मग रचून ठेवलेल्या स्पीकरच्या खोक्यांतून ठोका येऊन थेट छातीवर आदळतो. हाच तो ड्रॉप.

या युक्तीचा उगम बहुतेक जण जमैकात दाखवतात. १९७०च्या दशकात किंग्स्टनमध्ये किंग टबीसारखे तंत्रज्ञ तयार गाण्यातला बेस मध्येच काढून घ्यायचे आणि नेमक्या वेळी परत सोडायचे. हे डब संगीत लंडनला पोचलं, तिथे पुढे डबस्टेप जन्मलं आणि २०१०च्या सुमारास स्क्रिलेक्स या अमेरिकी निर्मात्याने ड्रॉप जगभर नेला. पण लय चढवायची, तोडायची आणि समेवर येऊन पडायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही ढोलकीवाल्याला किंग्स्टनहून शिकावं लागलेलं नाही. एकच बोल तीनदा घेऊन समेवर संपणारी तिहाई दुसरं काय करते?

रायगडच्या लग्नातला जुना आवाज धवलारणीचा. विधी चालू असताना ती धवले म्हणते. साथीला वाद्य नाही, नुसता गळा. पालखीला, शिमग्याला, गौरी-गणपतीला खालुबाजा : सनई, ढोल, टिमकी, झांज. गोऱ्या पलटणींच्या बँडवरून देशी ब्रास बँड निघाले आणि कोळीवाड्यांनी ते असे उचलले की ट्रम्पेटवर कोळीगीत ऐकून कुणालाच नवल वाटेनासं झालं.

मग आला बेंजो. त्याची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं : पोलादी तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. भारतात ते बुलबुलतरंग झालं. पुढे मुंबई-कोकणातल्या वादकांनी त्याला पिकअप बसवला, अॅम्प्लिफायरला जोडलं, आणि दिवाणखान्यातलं ते नाजूक वाद्य मिरवणुकीत कर्ण्यातून किंचाळू लागलं. १९८०च्या दशकात रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, बाजारात आला; तोही बेंजो पार्टीत शिरला. रवी जाधव यांचा २०१६चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवरचा. नीट ऐकलं तर चांगल्या पार्टीत एक गोष्ट हमखास सापडते : बेंजो एकटा वरच्या सुरावर रेंगाळतो, ताशा दाट होत जातो, मोठा ढोल मुद्दाम गप्प असतो. तो पडला की नाच पेटतो.

लॅपटॉपवरचा पोरगा आज हेच करतो. स्नेअरचे ठोके चौपट, आठपट दाट करतो, फिल्टरने खालचा भाग कापतो, अर्धी मात्रा रिकामी सोडतो. ड्रॉप पडल्यावर किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर पडून चिखल होऊ नये म्हणून साइडचेन लावतो; किक वाजली की तेवढ्यापुरता बेस आपोआप दबतो. इथवर ठीक. पण ‘साऊंड चेक’ आणि ‘हाय गेन’ म्हणून जी गाणी फिरतात, त्यांतली बरीचशी पहिल्या सेकंदापासून आवाजाचं छत ठरवणाऱ्या लिमिटरला टेकलेली असतात. सगळंच कमाल मोठं, मग ड्रॉपला चढायला जागा कुठे उरते?

यावर उपाय म्हणून यजमान आणखी खोकी मागवतात. इथे हिशेब आड येतो. मोकळ्या मैदानात, भिंतींचा आधार नसताना, अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर भर पडते जेमतेम ३ डेसिबलची. ड्रॉपच्या आधीचा भाग मिक्समध्येच ३ डेसिबलने खाली घेतला, तर तोच फरक फुकटात मिळतो.

दुसरी अडचण तालाची. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, होडीसारखा डुलणारा. त्यावर हाऊस संगीताची सरळ चार ठोक्यांची किक लादली की डुलणं मरतं आणि नुसती कवायत उरते. जाणकार रिमिक्सवाले प्रत्येक किकच्या पोटात ढोलकीचे तीन बोल राखतात, आणि असा ड्रॉप नाचणाऱ्याच्या कमरेला लगेच कळतो.

कायद्याची चौकट २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची : रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला. तक्रार करणाऱ्यांचं चुकत नाही. तान्ह्या मुलाला ड्रॉपचं कौतुक नसतं.

मिक्स करणाऱ्या पोरांना मात्र एक सांगावंसं वाटतं. तयार सॅम्पल पॅक उतरवून घेण्याआधी गावातल्या धवलारणीकडे आणि खालुबाजावाल्यांकडे चांगला माइक घेऊन जा, त्यांची परवानगी आणि योग्य मानधन ठरवा, आणि ढोल, टिमकी, गळा सुटे सुटे ध्वनिमुद्रित करून ठेवा. धवले पाठ असलेल्या बायका आता थोड्या आहेत.